भीमसरटांची मान

बंगळूरच्या लालबागेत झाडी ओलांडून पुढे गेले की एक उघडाबोडका खडक लागतो. त्याच्या पाठीवर केंपेगौडाच्या नावाचा एक लहानसा बुरूज उभा आहे. सकाळी फिरावयास येणारी मंडळी त्या खडकावर घटकाभर विसावतात, मुले त्याच्या उतारावरून घसरतात. या खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे असून भूवैज्ञानिकांनी त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आहे. एवढा जुना दगड पाहिल्यावर त्यात डायनोसॉर दडलेले असतील काय, हा प्रश्न मुलांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होय. उत्तर मात्र नकारार्थी द्यावे लागते, आणि त्याचे कारण थोडे गमतीचे आहे. हा दगड त्या प्राण्यांच्या मानाने फारच जुना आहे. तो घडला तेव्हा पृथ्वीवर डोळ्यांना दिसेल असा एकही जीव नव्हता. शिवाय तो भूपृष्ठाखाली प्रखर उष्णतेत व दाबाखाली तयार झालेला. प्राण्याचे हाड टिकून राहावयाचे तर त्यावर नदीचा गाळ पडावा लागतो, तळ्याचा चिखल साचावा लागतो, आणि त्या गाळाचा सावकाश दगड व्हावा लागतो. म्हणून भारतातील भीमसरटांचा शोध घ्यावयाचा तर बंगळूरचे पठार सोडून उत्तरेकडे, गोदावरी, वर्धा आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांतच जावे लागते.

भीमसरटांपैकी येथे विचार करावयाचा आहे तो लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या, पाला खाऊन जगणाऱ्या प्राण्यांचा. शास्त्रज्ञ त्यांना सॉरोपॉड म्हणतात. भूतलावर चाललेल्या सर्व प्राण्यांत हेच सर्वांत मोठे. भारतात मिळालेल्या भीमसरटांच्या अस्थींत त्यांचाच वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडील पहिली नोंदही त्यांचीच.

ही नोंद १८२८ सालची, जबलपूरची. कॅप्टन विल्यम स्लीमन हा तेथे अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, तोच हा स्लीमन. छावणीजवळच्या टेकडीपाशी त्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ती कोणाची, हे सांगणारा त्या वेळी कोणी नव्हता. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी जन्मास आला नव्हता. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८४२ साली घडविला. म्हणजे भारतीय हाड आधी सापडले आणि त्याच्या कुळाचे नाव चौदा वर्षांनी ठरले! ही हाडे हातोहात कलकत्त्यास गेली, आणि अखेर १८७७ साली रिचर्ड लिडेकर याने शेपटीच्या मणक्यांच्या आधारे या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नामकरण केले. ग्रीक पुराणांतील टायटन नामक महाकायांवरून पहिला शब्द, आणि आपल्या देशावरून दुसरा.

शेपटीच्या मणक्यांवरून एवढा मोठा प्राणी कसा ओळखला, असे कोणासही वाटेल. लिडेकरच्या दृष्टीने त्या मणक्यांची एक खूण निराळी होती. मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट व मागची बाजू चेंडूसारखी फुगीर, अशी ती रचना. एका मणक्याचा चेंडू मागच्या मणक्याच्या वाटीत बसावा, अशी सांधेजोड. त्या काळी ज्ञात असलेल्या भीमसरटांत ती अपूर्व वाटली, आणि पुढे शंभर वर्षे जगात कोठेही असा मणका मिळाला की तो टायटॅनोसॉरसचा ठरू लागला. दक्षिण अमेरिका, युरोप, आफ्रिका अशा सर्व ठिकाणचे मणके या एका भारतीय नावाखाली येऊन पडले. अशा भरतीचा परिणाम उलट झाला. सर्वांत आढळणारी खूण कोणा एकाची ओळख म्हणून चालत नाही. २००३ साली जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी सर्व पुराव्याची फेरतपासणी केली आणि ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव एका विशिष्ट प्राण्याचे म्हणून टिकत नाही, असा निर्णय दिला. कुळाचे नाव म्हणून मात्र ‘टायटॅनोसॉर’ हा शब्द जगभर राहिला. मूळ पुरुषाचे नाव गेले आणि आडनाव राहिले, असा हा प्रकार होय.

या निर्णयाच्या वेळी आणखी एक अडचण होती. मूळ मणके जागेवर नव्हते. कलकत्त्याच्या संग्रहात ते कधी व कसे दृष्टीआड झाले, हे सांगता येत नव्हते. संशोधकांना लिडेकरच्या जुन्या चित्रांवर भागवावे लागे. सरकारी कचेरीत एखादी नस्ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली आणि नोंदवहीत तसा शेरा राहून गेला, तर ती नस्ती असून नसल्यासारखी होते, याचा अनुभव पुष्कळांना असेल. जबलपूरच्या मणक्यांचे तसेच झाले होते. २०१२ साली धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या कोलकाता येथील संग्रहातच त्यांचा पुन्हा शोध लागला. सापडलेले हाड एकदा जमिनीतून काढावे लागते आणि कित्येकदा दुसऱ्यांदा फळीवरून काढावे लागते!

मणक्यांची एवढी चर्चा करावयाचे कारण असे की, या प्राण्यांचे सारे रहस्य मणक्यांत आहे. लांब मान हा त्यांचा विशेष. लांब मानेचा प्राणी म्हटला की आपल्यापुढे जिराफ उभा राहतो. जिराफाची मान सुमारे दोन मीटर, आणि तिच्यात मणके सातच. माणसाच्या मानेतही सातच असतात. सस्तन प्राण्यांत ही संख्या जवळजवळ ठरलेली असल्यामुळे मान वाढवावयाची तर एकेक मणका लांब करीत नेण्यावाचून गत्यंतर नाही. सॉरोपॉडांवर हे बंधन नव्हते. त्यांच्या मानेत मणके अधिक होत गेले आणि प्रत्येक मणका लांबही होत गेला. चीनमधील मामेनचीसॉरस या प्राण्याच्या मानेत अठराच्या आसपास मणके होते, आणि त्याच्या एका जातीची मान सुमारे १५ मीटर लांब असावी, असा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. जिराफाच्या मानेच्या सातपट!

एवढी मान सावरावयाची कशी? पहिली गोष्ट, तिच्या टोकाचे डोके लहान असले पाहिजे. या प्राण्यांना दाढा नव्हत्या, चर्वणाचे जड जबडे व त्यांचे स्नायू नव्हते. पाला ओरबाडावयाचा आणि तसाच गिळावयाचा; पुढचे काम प्रचंड पोटाने सावकाश करावयाचे. दुसरी गोष्ट, मान स्वतः हलकी असली पाहिजे. यासाठी मणके आतून पोकळ झाले. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जशा हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, तशाच पिशव्या या प्राण्यांतही असून त्यांच्या शाखा मणक्यांत शिरत. मणक्याच्या दोन्ही अंगांना जे खळगे व भोके दिसतात, ती त्या हवेची वाट होय. हाड पातळ पडद्यांचे झाले, वजन घटले, बळ मात्र फारसे उणावले नाही. आणि लाभ कोणता? अवजड देह एका जागी उभा ठेवून सभोवतालचा पाला खाता येऊ लागला. प्रत्येक घासासाठी कित्येक टनांचे शरीर हलवावे लागत नव्हते.

हे सर्व एका दिवसात घडले नाही. ते कोणत्या क्रमाने घडले, हे पाहावयाचे तर एकावर एक साचलेले थर एकाच ठिकाणी मिळावे लागतात. ही सोय जगात थोड्याच स्थळी आहे, आणि त्यांपैकी एक स्थळ महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाला, सिरोंच्याच्या आसपास, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या खोऱ्यात आहे. या खोऱ्यात पायऱ्यांसारखे थर आहेत. खालचा मलेरीचा थर सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्यावर धर्मारामचा, आणि त्याच्याही वर, प्राणहितेच्या काठच्या कोटा या गावावरून ज्याला नाव मिळाले तो कोटा थर, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. मलेरीच्या वरच्या भागात नंबालिया नावाचा एक लहान, सडपातळ प्राणी मिळाला. सॉरोपॉडांच्या पूर्वजकुळातला हा जीव. त्याचे आप्त मागच्या दोन पायांवर चालत असावेत. धर्मारामच्या थरात लॅम्प्लूसॉरा आहे, सुमारे १० मीटर लांबीचा, जाडजूड, चार पायांवर भार टाकणारा. आणि कोट्याच्या थरात खरेखुरे सॉरोपॉड अवतरतात. एका खोऱ्यात, चार कोटी वर्षांच्या अवधीत, दोन पायांवरून चार पायांवर येण्याची आणि आकार वाढत जाण्याची ही वाटचाल पाहावयास मिळते. हे प्राणी एकमेकांचे थेट बाप-लेक होते असे मात्र कोणी समजू नये. एका घराण्याच्या निरनिराळ्या शाखांतील माणसांची छायाचित्रे हाती यावीत, आणि त्यांवरून घराण्याचा चेहरा ओळखावा, तसा हा पुरावा आहे.

या खोऱ्यातील मोठे काम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने केले. संख्याशास्त्राच्या संस्थेने हाडे का उकरावीत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांची दृष्टी अशी आकुंचित नव्हती. मोजता येण्यासारखे जे जे आहे ते संख्याशास्त्राचे, असे मानणारा तो गृहस्थ होता, म्हटले तरी चालेल. १९५०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लंडनहून पॅमेला लॅम्प्लू रॉबिन्सन या विदुषीस पाचारण केले, आणि तिच्या हाताखाली भारतीय तरुणांची एक तुकडी तयार झाली. वर उल्लेखिलेल्या लॅम्प्लूसॉराचे नाव तिच्याच नावावरून दिलेले आहे. ही तुकडी प्राणहिता-गोदावरीच्या रानात हिंडू लागली, आणि पोचमपल्ली गावाजवळ तिला हाडांचे एक विलक्षण भांडार लागले. पहिली हाडे १९५८च्या सुमारास दिसली. मुख्य उत्खनन १९६१चे. मांडीचे एकच हाड सुमारे १.७ मीटर भरले, म्हणजे चांगल्या उंच माणसाएवढे. त्यावरून प्राण्याला ‘बारापासॉरस’ हे नाव पडले; बंगालीत व आपल्या इतर कित्येक भाषांत ‘बडा’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून जातीला ‘टागोराय’ असे उपपद देण्यात आले. सोहनलाल जैन व त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली हे नाव अधिकृतपणे प्रसिद्ध केले. कवींच्या नावे रस्ते होतात, शाळा होतात; अठरा कोटी वर्षांपूर्वीचा एक अजस्र प्राणी कवीच्या नावाने ओळखला जावा, हे भाग्य रवींद्रनाथांचेच.

नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती हाडे कशी मिळाली ही. सुमारे ३०० हाडे, एकमेकांत मिसळलेली, आणि त्यांच्यासोबत मोठमोठे अश्मीभूत वृक्षांचे बुंधे. अशा वेळी उत्साहाच्या भरात मोठी हाडे तेवढी उचलून नेली तर काय होते, हे जबलपूरने दाखविले होते. तेथील पहिली हाडे कोणत्या थरातून, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या शेजारी मिळाली, याचा पुरा तपशील राहिला नाही. म्हणून शेपटीचा मणका हा एकाकी साक्षीदार झाला. पद्धतशीर उत्खननात प्रत्येक हाड कोठे, कोणत्या दिशेस, कोणत्या हाडाला लागून पडले आहे, याचा नकाशा आधी काढतात. मग हाडावर गोणपाट व प्लास्टर चढवून, क्रमांक घालून ते हलवितात. काम कंटाळवाणे खरे. परंतु त्यामुळेच पोचमपल्लीच्या ढिगात निदान सहा प्राणी असून ते एकाच जातीचे आहेत, हे सांगता आले. एकाच्या मानेचा मणका, दुसऱ्याची मांडी, तिसऱ्याची शेपटी जोडून एक शरीर उभे करण्याचा अधिकार त्या नोंदींनी मिळवून दिला. एक कळपच्या कळप पुरात सापडून वृक्षांबरोबर वाहत आला व येथे गाळात रुतला, असा संशोधकांचा तर्क आहे.

बारापासॉरसचे पाय खांबासारखे सरळ आहेत. देह पूर्णपणे सॉरोपॉडाचा झालेला आहे. पण मानेचे मणके पाहिले तर तेथे मोठ्या पोकळ्या नाहीत. अंगांना उथळ खळगे आहेत, एवढेच. म्हणजे देह मोठा होण्याचे काम पुढे निघून गेले होते आणि मणके पोकळ होण्याचे काम नुकते कोठे सुरू झाले होते. उत्क्रांती सर्व अवयवांना एका ताळात चालवीत नाही, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखविणारे प्राणी थोडे. त्याच कोट्याच्या थरात यामनपल्ली येथे मिळालेला कोटासॉरस हा आणखी एक जुन्या वळणाचा प्राणी. १९८८ साली त्याचे नामकरण झाले आणि त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. बारापासॉरस कोलकात्यास सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात आहे.

यापुढची कथा कळण्यासाठी कोट्याच्या काळापासून अकरा कोटी वर्षे पुढे, आणि सिरोंच्याहून वायव्येस, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याकडे यावे लागते. येथे लॅमेटा नावाचे थर आहेत. सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा बनला आहे, तो लाव्हारस दख्खनवर पसरू लागण्याच्या सुमारास, म्हणजे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी ते साचले. जबलपूरचे मणके याच थरांतले. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या शिवारात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना अशी हाडे मिळाली होती. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे त्यांचे नाव विदर्भात सर्वांना परिचित आहे. आणि त्याच परिसरातील डोंगरगावच्या टेकडीत १९८४ ते १९८६ या काळात सांख्यिकी संस्थेच्या जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी एकाच प्राण्याचा बराचसा सांगाडा बाहेर काढला. भारतीय टायटॅनोसॉरांत इतका भरघोस पुरावा क्वचितच मिळाला आहे. १९९७ साली त्यांनी तो टायटॅनोसॉरसचीच एक जात म्हणून वर्णिला. वर सांगितलेल्या २००३च्या फेरतपासणीत त्याला ‘आयसिसॉरस’ हे स्वतंत्र नाव मिळाले. सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते घडविलेले आहे. संस्थेच्या आद्याक्षरांना प्राण्याच्या नावात स्थान मिळाल्याचा असा दुसरा प्रसंग सहसा आढळणार नाही!

आयसिसॉरसने मानेच्या इतिहासाला एक वळण दिले. त्याच्या मानेचे मणके आखूड आणि रुंद आहेत, आणि पुढचे पाय लांब. म्हणजे खांदे उंच व मान त्या मानाने तोकडी. काळ पुढे जाईल तशी मान लांबच होत जाईल, अशी अपेक्षा बाळगणाऱ्याला हा प्राणी बुचकळ्यात टाकतो. तो एकटाही नाही. २०२३ साली जैसलमेरच्या सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतील थारोसॉरसचे वर्णन प्रसिद्ध झाले. तोही ज्या कुळातला, त्या कुळात मान आखूड होत गेलेली दिसते. लांब मान ही शिडीची वरची पायरी नव्हे. जेथे जसा चारा, तेथे तशी मान.

हा चारा कोणता, हे सांगणारा पुरावाही पिसदुऱ्यानेच दिला. तेथे हाडांबरोबर विष्ठेचे अश्मीभूत गोळे मिळतात. कोणी नाक मुरडील. पण प्राणी काय खात होता हे दातांपेक्षा या गोळ्यांनाच अधिक ठाऊक. ते बहुधा टायटॅनोसॉरांचे असावेत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साचतात; वनस्पती कुजली तरी हे कण राहतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. सूचिपर्णी वृक्ष, ताड-माडांचे आप्त यांच्याबरोबर तेथे गवताचे कण निघाले, आणि तेही निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचे. २००५ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर आश्चर्य व्यक्त झाले, कारण भीमसरटांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, असे तोवर मानले जात होते. पुढे २०११ साली याच गोळ्यांतील काही कण ज्या गवतकुळात आपले भात मोडते त्या कुळाचे असल्याचे दाखविण्यात आले. चित्रकार भीमसरटांच्या पायांखाली नेचे आणि शेवाळ रंगवीत असत; आता तेथे गवताची काही पाती काढावयास हरकत नाही.

या सर्व पुराव्यात एक उणीव मात्र पुन्हा पुन्हा जाणवते. डोके मिळत नाही. डोंगरगावच्या सांगाड्यासोबत कवटी नव्हती. पोचमपल्लीला सहा प्राण्यांची ३०० हाडे मिळाली, पण एकही कवटी नाही. चमच्याच्या आकाराचे काही दात तेवढे हाती आले. हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. एवढ्या लांब मानेच्या टोकाला डोके लहान, पातळ हाडांचे आणि नाजूक सांध्याने जोडलेले असणे भाग होते. प्राणी मेला की सर्वांआधी तेच निखळून पडे. नदीच्या पाण्यात मांडीचे हाड जागच्या जागी बसे आणि कवटी पुढे वाहत जाई. ज्या हलकेपणाने मान वाढू दिली, त्यानेच डोकी नाहीशी केली. कोलकात्याच्या दालनात बारापासॉरस उभा आहे, त्याचे डोके इतर देशांतील त्याच्या आप्तांवरून आणि त्या थोड्या दातांवरून योजलेले आहे. खरे डोके कोट्याच्या लाल मातीत कोठे तरी असेल, किंवा पुराने त्याच वेळी ते फार दूर नेले असेल.